हुशार मुलांचा प्रश्न कोणाला आंदण दिला?

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत, दोन शिक्षकांच्या हाती. चौथीत एक मुलगी आहे. गुरुजींचे गणित फळ्यावर लिहून पुरे होण्याआधी तिच्या वहीत उत्तर तयार असते. स्वतःची पुस्तके तिने जून महिन्यातच वाचून संपवली. नंतर थोरल्या भावाची सहावीची संपवली. शून्याने भागले तर काय होते, असे तिने एकदा विचारले. पुढच्या वर्गात कळेल, असे उत्तर मिळाले. असे दोनतीनदा झाल्यावर तिने विचारणे सोडले. आता ती आपले गणित उरकून पहिलीच्या मुलांची अक्षरे गिरवून घेते, पोषण आहाराची ताटे मोजते आणि गुरुजी पंचायत समितीच्या बैठकीला गेले की वर्ग सांभाळते. साहेब तपासणीला आले की तिलाच उभी करतात. तिच्याविषयी गावात आणि शाळेत दुमत नाही: पोरगी हुशार आहे, तिची काळजी नाही.

ही मुलगी कोणत्याही एका गावची नाही. पण कोणत्याही तालुक्यात पाच शाळा फिरणाऱ्याला ती भेटल्यावाचून राहणार नाही. ‘काळजी नाही’ ह्या दोन शब्दांत शिक्षणव्यवस्थेने तिचा निकाल लावून टाकलेला आहे. जिच्या नापास होण्याची भीती नाही, जिच्यामुळे शाळेची मान खाली जाणार नाही, ती व्यवस्थेच्या लेखी सुटलेला प्रश्न ठरते. वास्तविक शाळेने तिला काय दिले? अक्षरओळख दिली, आणि नंतरची तीन वर्षे थांबायला शिकवले. जे मूल रोज चार तास थांबते त्याची बुद्धी आपोआप वाढत राहते, ही समजूत शेतात पाणी न देता पीक उभे राहील अशा समजुतीसारखी आहे. थांबून थांबून काही मुले मठ्ठ होतात, काही व्रात्य होतात, काही, विशेषतः मुली, आपली हुशारी लपवायला शिकतात. ह्या तिन्ही प्रकारांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

ह्याच बुद्धीचे मूल पुण्याच्या कोथरुडात जन्मले असते तर? वर्गात ते कंटाळते आहे हे आईच्या महिन्याभरात ध्यानात आले असते. तिने मुख्याध्यापिकेची वेळ मागितली असती, चार वाक्ये शुद्ध इंग्रजीत ऐकवली असती, आणि लाखाच्या घरात फी घेणाऱ्या शाळेने ती निमूटपणे ऐकून घेतली असती. शाळेने नाहीच ऐकले तर होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा क्लास होता, ऑलिंपियाडचा होता, बुद्धिबळाचा होता. घरी पुस्तकांचे कपाट होतेच. शाळेत आपल्या हुशार मुलाची बाजू मांडणे हे एक काम आहे. त्याला वेळ लागतो, भाषा लागते, समोरच्या खुर्चीवरच्या माणसाचे भय नसावे लागते, आणि दार बंद झाले तर दुसऱ्या दारी जाण्याइतके पैसे लागतात. ह्या चारी गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याच्या मुलाची ‘गुणवत्ता’ फुलते. नंतर तीच गुणवत्ता आरक्षणाविरुद्धच्या मोर्चात फलकावर झळकते आणि ती कोणाच्या खर्चाने फुलली ह्याचा विसर पडतो.

त्या चौथीतल्या मुलीच्या आईबापांपाशी ह्यातले काय आहे? दिवाळी झाली की दोघे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ एवढीच त्यांची नोंद. उचल आधीच घेतलेली आणि घरात खर्च झालेली असते. मागे सांभाळायला आजी असली तर मुलगी गावात राहते. नसली तर ती कारखान्याच्या परिसरातील पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. आता सरकारने गरिबांच्या हुशार मुलांसाठी म्हणून ज्या परीक्षा ठेवल्या आहेत त्यांचे दिनमान पाहावे. नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा महाराष्ट्रात साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत होते. आठवीतल्या मुलांसाठीची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा डिसेंबरात. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा सर्वसाधारणपणे फेब्रुवारीत. उसाचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. तिन्ही परीक्षा नेमक्या हंगामाच्या पोटात येतात! नवोदयासाठी तर मुलाने पाचवीचे पूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यात शिकलेले असावे अशी अट आहे. मराठवाड्याच्या कित्येक तालुक्यांत हंगामात गावेच्या गावे रिकामी होतात, ही गोष्ट मंत्रालयाला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. हंगामी वसतिगृहांची योजना त्याच शासनाची आहे. पण वसतिगृहाची फाईल एका टेबलावर आणि परीक्षेचे वेळापत्रक दुसऱ्या टेबलावर. ह्यात कोणाचाही दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. ज्या मुलांचा विचारच मनात आला नाही, ती आपोआप बाहेर राहिली.

इथवर वाचून पुरोगामी वाचक मान डोलावील. अडचण पुढे आहे. हुशार मुलांच्या गरजांविषयी शाळेने वेगळे काही करावे असा विषय निघाला की समतावादी मंडळींच्या कपाळाला आठी पडते. त्यांना त्यात अभिजनवादाचा वास येतो. सर्व मुले सारखी, कोणाला ‘हुशार’ म्हणायचे नाही, कोणासाठी वेगळे काही करायचे नाही. भावना चांगली आहे, पण तिचा परिणाम काय झाला? श्रीमंतांच्या हुशार मुलांची सोय बाजाराने केली, मध्यमवर्गाच्या मुलांची क्लासवाल्यांनी केली, आणि समतेच्या नावाखाली तेवढी गरिबाघरची हुशार मुले निराधार राहिली. ज्यांचा कैवार घ्यायचा त्यांच्याच वाट्याला आपल्या तत्त्वाचा चटका यावा, ह्याला काय म्हणावे!

समता म्हणजे सारखेपणा, हा घोटाळा नवा नाही. कार्ल मार्क्सने १८७५ साली गोथा कार्यक्रमाची चिकित्सा करताना नेमके ह्यावरच बोट ठेवले होते. माणसे सारखी नसताना त्यांना एकच माप लावले तर ते सारखे माप स्वतःच विषमता निर्माण करते. म्हणून पुढच्या समाजात गरज हे माप असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. अमर्त्य सेन यांनी १९७९ सालच्या व्याख्यानात समता हवी हे ठीक, पण कशाची, असा प्रश्न टाकला तोही ह्याच जातीचा. प्रत्येकाला एकेक पुस्तक वाटून टाकले म्हणजे समता झाली, असे ह्या दोघांपैकी कोणीच म्हणणार नाही. ज्याला पहिलीतले पुस्तक वाचता येत नाही आणि ज्याने सहावीतले संपवले आहे, त्या दोघांच्या हाती चौथीचे एकच पुस्तक देणे हा दोघांवरचा अन्याय आहे.

महाराष्ट्राला हे बाहेरून शिकण्याचीही गरज नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न उपस्थित केला होता. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यात ती शिक्षण पसरवीत नाही, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले आणि अशा वर्गांसाठी वेगळा वाटा मागितला. म्हणजे गुणी मुलाला मदत मिळालीच पाहिजे. मात्र ते मूल शोधण्याची रीत अशी नसावी की ज्याला आधीच मिळाले आहे तेच पुन्हा सापडेल. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ साली छापला. खाऊऐवजी तिने ग्रंथालय मागितले, अशी आठवण सांगतात. हुशार मुलाची गरज काय असते हे त्या मुलीला कळत होते; पावणेदोनशे वर्षांनंतर शाळांत कुलूपबंद पेटीत ठेवलेली पुस्तके पाहता खात्याला कळले आहे असे दिसत नाही.

आणि बाबासाहेब? त्यांच्या बुद्धीचे गोडवे आज सर्व पक्ष गातात. पण त्या बुद्धीला शाळेने काय वागवले ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही. साताऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे, शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी नाही, मुंबईत शिकायचे होते संस्कृत पण घ्यावी लागली फारसी. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकाच्या दृष्टीस पडला. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे शिक्षण खुंटते असे दिसताच त्याची बाजू सयाजीराव गायकवाडांकडे मांडली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली तो विद्यार्थी बडोद्याच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठात गेला. ही कथा आपण कर्तृत्वाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर तीत एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. त्या बागेत केळुसकर फिरायला आले नसते तर? त्याच वेळी मुंबईच्या दुसऱ्या बागांत, गिरणीच्या चाळींत, कोकणातल्या महारवाड्यांत अशी आणखी किती मुले असतील, ज्यांच्या वाटेवर कोणी केळुसकर आला नाही? देशाने गमावलेल्या ह्या संपत्तीचा आकडा कोणत्याही नियोजन मंडळाच्या अहवालात नव्हता, कारण जे उगवलेच नाही त्याचे मोजमाप कसे करणार?

थोडेसे मोजमाप अलीकडे झालेले आहे, ते अमेरिकेत. तेथील शाळांत असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात आणि ती मुले पालकांच्या व शिक्षकांच्या शिफारशीवरून निवडण्याची रूढी होती. फ्लॉरिडा राज्यातील एका मोठ्या शाळा-जिल्ह्याने २००५ सालापासून शिफारशीची वाट न पाहता दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढे २०२१ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि लॉरा ज्युलियानो ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. निवडलेल्या मुलांत गरिबांचे, कृष्णवर्णीयांचे आणि स्पॅनिशभाषकांचे प्रमाण एकदम वाढले. म्हणजे ही मुले आधीही तेथेच बसलेली होती; फक्त कोणाला दिसत नव्हती. पुढे मंदी आली, खर्च कापला गेला, सार्वत्रिक चाचणी बंद पडली, आणि प्रमाण पुन्हा जुन्या जागी आले. ज्या देशात शिक्षक शिकलेले, वर्ग लहान आणि पैसा मुबलक, तेथे ही गत. आपल्याकडे तर शिक्षकाच्या नजरेवर जातीची आणि भाषेची साय चढलेली असते. प्रमाण मराठीत फाडफाड बोलणारे ते हुशार. अहिराणीत, गोंडीत, गोरमाटीत विचार करून मग अडखळत मराठीत सांगणारे ते मागास. लमाण तांड्यावरचे पोर आकडेमोडीत सगळ्यांच्या पुढे असले तरी ‘बाजारात बसून आलंय’ म्हणून हसण्यावारी नेले जाते.

अर्थात चाचणी म्हणजे रामबाण नव्हे. लुईस टर्मन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियात हुशार मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्याच्या चाचणीतून जी मुले वगळली गेली त्यांपैकी दोघांना, विल्यम शॉक्ली आणि लुई अल्व्हारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राची नोबेल पारितोषिके मिळाली. (त्यातला शॉक्ली उत्तरायुष्यात बुद्ध्यंक आणि वंश यांची भलती गणिते मांडीत बसला, हा काळाने उगवलेला सूडच!) एका दिवशी, एका कागदावर, एका भाषेत घेतलेली परीक्षा बुद्धी मोजते त्याहून अधिक तयारी मोजते, आणि तयारी विकत मिळते.

आपल्या सरकारांनी मात्र हाच एक रस्ता धरून ठेवला: परीक्षा घ्यायची, वरचे थोडे वेचायचे, आणि उचलून दुसरीकडे न्यायचे किंवा हातावर काही रुपये ठेवायचे. १९६३ साली दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना पुढच्याच वर्षी देशभर गेली, १९७७ साली तिला तेच नाव मिळून तीत समाजशास्त्रेही आली, आणि २०२१ सालच्या फेरीनंतर ती स्थगित करण्यात आली. वर्षाला सुमारे २,००० मुलांना मिळणारी ती मदत होती. गंमत अशी की २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुण असलेल्या मुलांवर चार परिच्छेद खर्ची घातले आहेत. मंडळे, शिबिरे, ऑलिंपियाड, शिक्षकांना खास प्रशिक्षण, सर्व काही त्यात आहे. धोरणात मुलगी दत्तक घेतली आणि अंदाजपत्रकात तिचे जेवण तोडले! इकडे राज्याने शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीत नेली आणि २०२५ साली ती पुन्हा चौथी-सातवीत आणण्याचा निर्णय केला. इयत्ता बदलण्यात एवढी चपळाई; पण शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात काय वेगळे मिळते, हा प्रश्न दोन्ही वेळा कोणी विचारला नाही. काहीच मिळत नाही. फोटो छापून येतो.

नवोदय विद्यालयांविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. १९८५-८६ साली जी पहिली दोन विद्यालये निघाली त्यांपैकी एक आपल्या अमरावतीला होते. खेड्यातल्या मुलांना तीन-चतुर्थांश जागा, निवासी शिक्षण. तेथून बाहेर पडलेल्या शेतमजुरांच्या मुलामुलींनी काय केले ते पाहता त्या शाळांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण हिशेब तर करावा लागेल. एका विद्यालयात सहावीला ८० मुले घेतात. जिल्ह्यात २,००० प्राथमिक शाळा धरल्या तर २५ शाळांमागे एक जागा. बाकी २४ शाळांतल्या हुशार मुलांचे काय, आणि जेथून ते एक मूल उचलले त्या वर्गाचे काय? कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळा पद्धतीची शिफारस केली आणि त्याच अहवालात गुणवंतांचा शोध अखंड चालला पाहिजे असेही सांगितले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपले मराठी शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी पुढे समता, गुणवत्ता आणि संख्या ह्या त्रिकोणाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. सरकारांनी आयोगाचा दुसरा अर्धा भाग सोयीने उचलला आणि पहिला वाऱ्यावर सोडला. इंग्लंडातील समाजवादी अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी याने १९३१ साली अशा व्यवस्थेला बेडकाच्या पिलांची उपमा दिली होती. बहुतेक पिले डबक्यात जन्मून डबक्यातच मरतात. थोड्यांची शेपटी गळते, ती काठावर उडी मारतात आणि मग उरलेल्यांना उद्योगशीलतेची प्रवचने झोडतात. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत दहावीच्या निकालानंतर जे सत्कार समारंभ होतात त्यांत ही प्रवचने ऐकायला मिळतात.

तर मग त्या मुलीला गावातच, त्याच शाळेत काय मिळाले पाहिजे? फार काही नाही. आठवड्याला एक नवे पुस्तक. जे येते ते पुन्हा न करण्याची मुभा आणि त्या वेळात करण्याजोगे अवघड काम. गणितापुरते वरच्या वर्गात बसण्याची सोय. तिच्यासारख्या दोनचार मुलांची अधूनमधून गाठ, कारण हुशार मुलाचे सर्वांत मोठे दुःख एकटेपणाचे असते. आणि ‘पुढच्या वर्गात कळेल’ असे न म्हणता ‘चल, शोधू’ म्हणणारा एक मोठा माणूस. दहा-पंधरा शाळांमागे आपल्याकडे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख असतो. अशी सुमारे ४,८६० केंद्रे राज्यात आहेत. प्रत्येक केंद्राला ३०,००० रुपयांची फिरती पुस्तकपेटी दिली तर साडेचौदा कोटी रुपये होतात. महिन्यातून दोन शनिवारी ह्या मुलांना केंद्रशाळेत जमवायचे तर एस.टी.चे भाडे आणि खिचडी एवढाच वाढीव खर्च. हजारो कोटींच्या शिक्षण-अंदाजपत्रकात ही रक्कम चुकभूल देणेघेण्यात जमा होईल. पण केंद्रप्रमुखाची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून आणि जो आहे त्याला ऑनलाइन माहिती भरण्यास जुंपून हे होणार नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नसताना ह्या चार हुशारांचे लाड कशाला? पण निम्मी मुले मागे का राहिली ह्याचे कारण पाहिले तर आक्षेप आपोआप विरघळतो. वय पाहून वर्ग ठरवायचा, वर्ग पाहून पुस्तक ठरवायचे, आणि जूनपासून एप्रिलपर्यंत सगळ्यांना त्या एका रांगेत एका चालीने चालवायचे. जो मागे राहिला तो मागेच राहतो आणि जो पुढे जाऊ पाहतो त्याला मागे ओढले जाते. दोघेही एकाच कवायतीचे बळी आहेत. मूल जेथे आहे तेथून शिकवण्याची रीत शाळेत आली तर दोघेही सुटतात; ती आली नाही तर मागे राहिलेल्याला शिकवण्याचे काम हुशार मुलीच्या गळ्यात पडते, आणि त्याला आपण सहकार्याचा संस्कार म्हणतो. धाकट्यांना शिकवणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण बिनपगारी शिक्षिका म्हणून नऊ वर्षांच्या पोरीला राबवणे हा संस्कार नव्हे, ती रिक्त पदांची भरती आहे.

कायदा तर पंधरा वर्षांहून अधिक काळ हाती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ‘प्रत्येक’ ह्या शब्दात हुशार मूल येत नाही काय? २९ व्या कलमात अभ्यासक्रमाने मुलाचे ज्ञान, सुप्त शक्ती आणि गुण वाढवावेत असे म्हटले आहे. अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितले आहे. २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून अन्य कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई आहे. आणि २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया बसवल्या आहेत. ह्याच राज्याने शिक्षणसेवक नावाच्या तरुण शिक्षकांना कित्येक वर्षे महिना ६,००० रुपयांवर राबवले आणि २०२३ साली कुठे १६,००० केले. आता कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा काढण्याचे घाटते आहे. वस्तीवरची शाळा उठली की पहिली घरी बसते ती मुलगी, हुशार असो वा नसो. शिक्षकाला वेळ नाही आणि शाळेला पेटी नाही, म्हणून कायद्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द कागदावर राहिला आहे. तो शिक्षकाचा गुन्हा म्हणून मांडणे हा खात्याचा शहाजोगपणा झाला.

ज्यांच्या आईबापांना शाळेच्या पायरीवर उभे राहून बोलता येत नाही, त्यांच्यासाठी बोलायला गावात कोणी तरी लागते. व्यवस्थापन समितीच्या सभा होतात, ठराव आधी लिहिलेले असतात, अंगठे आणि सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. गावोगाव जे कार्यकर्ते रेशनसाठी, रोजगार हमीसाठी भांडतात त्यांनी ह्या सभेला जाऊन बसावे आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: पुस्तकांची पेटी उघडी आहे का, कोणाकोणाला शाळेत काही नवे शिकायचे उरलेले नाही, आणि त्यांच्यासाठी ह्या महिन्यात काय केले. जिल्हा परिषदेकडे दुसरी मागणी करावी की ऊसतोडीच्या तालुक्यांतील मुलांसाठी ह्या तिन्ही परीक्षांची एक फेरी हंगामाबाहेर, जुलै-ऑगस्टात ठेवण्याची शिफारस शासनाकडे व्हावी, आणि नवोदयाची एक जिल्ह्याची अट स्थलांतरितांना लागू नसावी.

तोपर्यंतचे काम जवळचे आहे. हंगामी वसतिगृहासाठी मुलांच्या याद्या ऑक्टोबरात होतात, टोळ्या निघण्याच्या तोंडावर, घाईत. आजी म्हातारी आहे, धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे, आणि त्याला सांभाळायला बरोबर कोणी हवेच आहे. मुलीचे नाव यादीत घालायचे तर धाकट्याची सोय आधी लावावी लागेल. त्यासाठी कारखान्यावर पाळणाघर मागावे लागेल, आणि मुकादमाशी बोलायला टोळीचा ट्रक भरण्याआधी जावे लागेल.